पहिले दोन दिवस

१८८१ साली नगर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात लाख होती. तीस वर्षांनी, १९११ च्या शिरगणतीत, ती साडेनऊ लाखांच्या आसपास गेली. १९२१ साली मोजणीदार पुन्हा दारोदार फिरले तेव्हा मात्र साडेसात लाखही भरेनात. दहा वर्षांत दर पाच माणसांमागे एक माणूस कमी झाला होता. हे सगळे मेले नव्हते. १९१८ चा पाऊस गेला, १९२० चाही गेला, आणि पोटामागे बरीच कुटुंबं जिल्हा सोडून पांगली होती. पण या घटीतला मोठा वाटा एका तापाचा होता. गावोगाव त्याला मानमोडी म्हणत. डॉक्टर इन्फ्लुएंझा म्हणत, आणि त्याहून अधिक काही करणं त्यांच्याही हातात नव्हतं.

आज जिल्हा अहिल्यानगर झाला आहे. एसटी स्टँडवर आणि बोलण्यात अजून नगरच. या शंभर वर्षांत जिल्ह्याने सहकारी साखर कारखाने उभे केले, एमआयडीसी आली, दुधाचे टँकर रोज मुंबई-पुण्याला जाऊ लागले, शिर्डीला विमानतळ झाला. फ्लूची पुढची महासाथ येईल तेव्हा ती या सगळ्यांतून वाट काढत येईल. तिच्या तयारीचा विषय निघाला की खाटा, ऑक्सिजन, व्हेंटिलेटर यांचे आकडे मांडले जातात. ते लागतीलच. पण फ्लूने आजारी पडणाऱ्यांतले बहुतेक जण रुग्णालयाची पायरी चढत नाहीत. ते घरातच पडतात, घरातच बरे होतात आणि घरातूनच तो पुढे देतात. त्यामुळे माझ्या लेखी तयारीचा पहिला प्रश्न फार साधा आहे: रात्री ताप भरलेला माणूस सकाळी कामावर जातो की घरी राहतो? आणि घरी राहिला, तर त्याची किंमत कोण मोजतं?

आधी मानमोडीचं सांगतो, कारण या प्रश्नाचं उत्तर तिने फार क्रूरपणे दिलेलं आहे. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीवर पहारा देणारे सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. महायुद्धातून परतणाऱ्या जहाजांमधून साथ उतरली असं मुंबईचे आरोग्य अधिकारी टर्नर यांचं मत होतं. जूनची लाट सौम्य होती, ओसरली, लोक विसरलेही. सप्टेंबरमध्ये दुसरी आली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. तिथून ती रेल्वेच्या रुळांवरून मुलखात पसरली. नगर १८७८ पासून दौंड-मनमाड लोहमार्गावर होतं. लष्कराची छावणी होती, युद्धाच्या काळात जर्मन बंदिवानांचा तळ होता. माणसांची ये-जा सतत सुरू. साईबाबांनी शिर्डीत देह ठेवला तो १५ ऑक्टोबर १९१८ चा दसरा. म्हणजे साथीचा जोर होता तोच हा महिना.

नगरच्या शेतकऱ्याला त्या महिन्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. बाजरी काढणीला आलेली आणि रब्बीच्या ज्वारीची पेर व्हायची. त्या वर्षी पाऊस रुसल्याने बाजरी मुळातच हाती यायची मारामार, धान्याचे भाव चढलेले. अशा वेळी घरातला कर्ता गडी आणि बाई दोघंही एकदम आडवी झाली. कारण या तापाचं विपरीत वैशिष्ट्य हे की त्याने म्हातारे आणि लेकरं यांच्याबरोबरच वीस ते चाळीस वयाची धट्टीकट्टी माणसं उचलली. बायकांमध्ये मृत्यू अधिक झाले. आजाऱ्याची शुश्रूषा त्या करत होत्या आणि त्यांची करायला कुणी उरत नव्हतं, हे त्यामागचं एक कारण अभ्यासक मांडतात. मला ते पटतं. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसं गेली.

मुंबई शहराचे मृत्यूचे दर जातवार आणि धर्मवार नोंदले गेले होते. युरोपियनांमध्ये हजारी ८.३ मृत्यू. ज्यांना तेव्हाचे कागद ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणतात त्यांच्यात हजारी ६१.६. औषध दोघांकडेही नव्हतं. प्रतिजैविकं यायला अजून काही दशकं होती आणि हा ताप विषाणूचा आहे हेही कुणाला कळलेलं नव्हतं. मग सातपटींचा फरक कशाने पडला? हवेशीर खोली, पोटात आधीपासून असलेलं अन्न, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवणारं कुणीतरी, आणि आठ दिवस अंथरुणावर पडून राहिलं तरी चूल बंद पडणार नाही याची खात्री. एवढंच. फ्लूच्या तयारीबद्दल जगभर जे काही लिहिलं गेलं आहे त्याचा बराचसा गाभा या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात सापडतो.

गंमत म्हणजे नगर जिल्ह्याच्या आठवणीत प्लेग पक्का बसला आहे. उंदीर पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालायच्या, हे आजे-पणजे करत आले आणि घराघरांत सांगत आले. २०२० च्या उन्हाळ्यात अनेक कुटुंबं गावातलं घर सोडून वस्तीवर, मळ्यात राहायला गेली, ती त्याच जुन्या शहाणपणाने. पटकीची मरीआई होती, अंगावर फोड आले की देवी आल्या म्हणत. मानमोडीला देऊळ मिळालं नाही. आली, दोन-तीन महिन्यांत माणसं नेली आणि गेली. सर्दी-तापासारखं दिसणारं दुखणं भीतीने लक्षात राहत नाही, आणि आजही आपली सगळ्यात मोठी अडचण हीच आहे: फ्लूला कुणी घाबरत नाही.

तो अधूनमधून आठवण करून देतो. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात एका शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला. तो देशातला पहिला. पुण्यात शाळा, चित्रपटगृहं बंद झाली, नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या, रुमाल बांधलेले चेहरे सगळीकडे दिसू लागले. पुणे-नगर रस्त्यावर रोज ये-जा करणारी हजारो माणसं आहेत, त्यामुळे पुण्याची साथ ही नगरचीही साथ असते. मार्च २०२३ मध्ये नगरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारा एमबीबीएसचा विद्यार्थी गेला, वय तेवीस. मित्रांबरोबर अलिबागला सहलीला जाऊन आल्यावर तो आजारी पडला होता, आणि तपासणीत कोविड आणि एच३एन२ फ्लू असे दोन्ही विषाणू सापडले. डॉक्टर होऊ घातलेला तरुण, रुग्णालयाच्या आवारात राहणारा. पंधरा दिवस वर्तमानपत्रांत एच३एन२ होता. मग आयपीएल सुरू झाली.

स्वाइन फ्लूच्या वेळी केंद्राच्या आरोग्य खात्याने रुग्णांची अ, ब, क अशी विभागणी ठरवून दिली. साधा ताप, खोकला, घसा, अंगदुखी असलेला ‘अ’ गटात: त्याने घरी राहायचं, तपासणीची गरज नाही. ताप फार चढलेला असेल, किंवा रुग्ण गरोदर, लहान मूल, वयस्क, मधुमेही, दम्याचा असेल तर ‘ब’: घरीच राहायचं, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने ऑसेल्टामिविर सुरू करायचं. धाप, छातीत दुखणं, रक्तदाब उतरणं, ओठ-नखं निळी पडणं, गुंगी ही ‘क’ची लक्षणं: ताबडतोब दाखल. ही विभागणी शहाणपणाची आहे. तिच्यात एकच गोष्ट गृहीत धरलेली आहे. ‘अ’ आणि ‘ब’ गटांतल्या, म्हणजे जवळजवळ सगळ्याच, रुग्णांना घरी राहणं परवडतं.

आता फ्लूचं वेळापत्रक पाहा. विषाणू शरीरात शिरल्यापासून साधारण दोन दिवसांत लक्षणं दिसतात. लक्षणांच्या एक दिवस आधीपासूनच माणूस तो इतरांना देऊ लागतो, आणि लागण देण्याचा जोर सर्वांत जास्त असतो तो आजाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांत. ऑसेल्टामिविर गोळीचा खरा उपयोगही पहिल्या ४८ तासांत सुरू केली तर. म्हणजे रुग्णासाठीही आणि त्याच्या शेजारी काम करणाऱ्यासाठीही जे काही व्हायचं ते पहिल्या दोन दिवसांत ठरतं. याच दोन दिवसांत आपण काय म्हणतो? ‘अंग जरा मोडून आलंय, गोळी घेतली की होईल.’ आणि पॅरासिटामॉल घेऊन शिफ्टला जातो. गोळीने ताप उतरतो, लागण देणं थांबत नाही.

हा दोष निव्वळ स्वभावाचा असता तर आरोग्य खात्याची भित्तिपत्रकं पुरली असती. नागापूरच्या किंवा सुप्याच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या, दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला कर्मचारी राज्य विमा लागू असतो. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या सत्तर टक्के मिळण्याची सोय त्यात आहे. सोय चांगली आहे, १९४८ च्या कायद्याची देणगी आहे. पण नियम असा की आजाराच्या एका खेपेतले पहिले दोन दिवस धरायचे नाहीत. पैसे तिसऱ्या दिवसापासून. किरकोळ कारणांवरून कुणी पैसे उचलू नये म्हणून घातलेली ही अट समजण्यासारखी आहे. क्षयरोग, अपघात, शस्त्रक्रिया यांच्यासाठी दोन दिवसांनी फारसं बिघडत नाही. फ्लूसाठी मात्र हे नेमकेच ते दोन दिवस आहेत. ज्या वेळी माणसाने घरी बसणं सगळ्या कारखान्याच्या हिताचं आहे, त्याच वेळी त्याच्या पदरात शून्य. कंत्राटी कामगाराच्या कार्डावर विमा असला तरी ठेकेदाराच्या मर्जीची भीती वेगळीच.

आणि हा झाला संघटित कामगार. नगर शहरातल्या पद्मशाली वस्तीत, संगमनेर-अकोल्यात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. पान-तंबाखू घरी आणायची, हजाराच्या हिशेबाने विड्या पोचवायच्या. तिला ‘घरी राहा’ म्हणून काय सांगणार? ती घरीच आहे. ताप असला तरी सूप मांडीवर घेऊन बसते, कारण दिवसाचा हजार चुकला की दिवसाची मजुरी चुकली. तंबाखूच्या धुळीने छाती आधीच कमजोर झालेली, खोली एकच, शेजारी लेकरं. महासाथीच्या कुठल्याही पुस्तकात कामाची जागा आणि घर ही दोन स्वतंत्र प्रकरणं असतात. संगमनेरच्या विडी कामगाराच्या घरी ती एकाच प्रकरणात मोडतात.

त्याहून अवघड जागा ऊसतोडीची. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दिवाळीनंतर ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसं निघतात. पलीकडे बीडमधून नगरच्या कारखान्यांवर येतात. नवरा-बायकोचा एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. पहाटे चारला फडात, रात्री गाडी भरेपर्यंत उभं. झोप कोपीत: बांबू, चटई, वर प्लॅस्टिक, आणि एका तळावर अशा शे-दीडशे कोप्या अंगाला अंग लावून. एखादा दिवस काम बुडालं तर खाडा. म्हणजे त्या दिवसाची तोड गेली, वर मुकादम दंडही कापतो. उचल फिटायची आणखी लांबते. ताप असो, बाळंतपण असो, पाळी असो, खाडा तो खाडा. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये बीडमधून पुढे आला तेव्हा त्याच्या मुळाशी हाच शब्द निघाला होता. जिथे बाई गर्भाशय काढून टाकते पण खाडा पडू देत नाही, तिथे कुणी फ्लूचा ताप आला म्हणून कोपीत निजून राहील अशी अपेक्षा ठेवणारा सल्ला कुणाच्या उपयोगाचा?

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी लागली तेव्हा गाळप संपत आलं होतं. राज्यातल्या ३८ कारखान्यांच्या तळांवर सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड मजूर अडकले. गावाकडे म्हातारे आई-बाप, बरोबर लहान लेकरं, जनावरं, आणि काम संपलेलं. १७ एप्रिलला सरकारने तपासणी करून त्यांना गावी पाठवायला परवानगी दिली. तोवरचे साडेतीन आठवडे त्यांनी कसे काढले याची एकत्र नोंद कुठल्या कारखान्याच्या वार्षिक अहवालात मला वाचायला मिळालेली नाही. त्याच अहवालांत सॅनिटायझर किती लिटर तयार केलं याचे आकडे व्यवस्थित आहेत.

कारखानदारांना कानपिचक्या द्यायला सोपं आहे. त्यांच्या बाजूचीही एक अडचण खरी आहे आणि तीही तयारीतच मोडते. गाळप हंगामात कारखाना चोवीस तास चालतो. फडात तुटलेला ऊस थांबत नाही. दिवस गेला की वजन आणि उतारा घटतो. बॉयलरवर प्रमाणपत्र असलेलाच अटेंडंट लागतो. पॅनमन हा तर कारागीर: पॅनमधली साखर कधी बसली हे तो काचेवर थेंब पाहून ओळखतो, आणि हे दोन दिवसांत कुणाला शिकवता येत नाही. अशी पाच-सहा माणसं एका आठवड्यात आजारी पडली तर बाकीचे हजारजण धडधाकट असून उपयोग नाही. म्हणून व्यवस्थापनाची खरी तयारी मास्कच्या खोक्यांपेक्षा याद्यांची आहे: कुठलं काम कुणावाचून अडतं, त्याच्या जागी दुसरा कोण, तिसरा कोण, आणि तो हंगामाआधी शिकला का.

ही यादी गावालाही हवी. बहुतेक गावांत पाण्याचे व्हॉल्व्ह कुठले आणि कधी फिरवायचे हे एकाच माणसाला ठाऊक असतं. दूध संस्थेच्या सचिवालाच फॅट मशीन चालवता येतं. वायरमन तीन गावांत मिळून एक. रेशन दुकानाच्या मशीनवर एकच अंगठा. कोविडमध्ये पाणी सोडणारा आजारी पडला आणि गाव दोन दिवस कोरडं राहिलं, असे किस्से जिल्ह्यात कुठेही बसलात तरी ऐकायला मिळतील. गावाने ठरवलं तर एका ग्रामसभेत होणारं काम आहे हे: पाच कामं, प्रत्येकी दोन माणसं, फलकावर नावं. पैसा लागत नाही, म्हणूनच बहुधा होत नाही.

नगर जिल्ह्यात अशा कामाचं उदाहरण हाताशी आहे. हिवरे बाजार पाण्याच्या ताळेबंदासाठी ठाऊक आहे. पाऊस किती पडला ते मोजून कुठलं पीक घ्यायचं हे ठरवणारं गाव. २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत तिथे पन्नासच्या घरात रुग्ण झाले. गावाचं नेतृत्व करणाऱ्या पोपटराव पवारांनी आणि गावकऱ्यांनी पथकं पाडली, घरोघर रोज ताप आणि ऑक्सिजनची पातळी पाहिली, संशय आला की तपासणी, निदान झालं की घराबाहेर विलगीकरण, कामासाठी गावाबाहेर जाणाऱ्यांवर वेगळी नजर. मेच्या मध्यापर्यंत गाव मोकळं झालं. ३० मे च्या भाषणात मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी हिवरे बाजारचं नाव घेतलं, आणि जूनमध्ये ग्रामविकास खात्याने कोरोनामुक्त गाव स्पर्धा जाहीर केली: २२ निकष, प्रत्येक महसुली विभागात पहिल्या गावाला ५० लाख, मग २५, मग १५. पाण्याचा हिशेब ठेवायची सवय असलेल्या गावाला तापाचा हिशेब ठेवणं जड गेलं नाही, असं मला वाटतं.

पण हिवरे बाजारचं कौतुक जितक्या वेळा होतं तितक्या वेळा एक प्रश्न विचारला जात नाही. जिल्ह्यातल्या बाकीच्या गावांत काय झालं? ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्यभर साथ ओसरली असताना नगर जिल्ह्यात रोज शेकड्यांनी रुग्ण निघत होते. जिल्हाधिकारी राजेंद्र भोसले यांना ४ ते १३ ऑक्टोबर या काळात ६१ गावं बंद करावी लागली. त्यांतली सर्वाधिक संगमनेर तालुक्यातली. संगमनेर काही मागास तालुका नव्हे. दूध, साखर, शिक्षण, रुग्णालयं सगळं आहे. उलट दिवसातून दोनदा दूध घालायला जाणारं, बाजार समितीशी, एमआयडीसीशी, नाशिक-पुण्याशी बांधलेलं गाव जास्त फिरतं आणि जास्त मिसळतं. ज्याच्या गोठ्यात पाच गाई आहेत त्याला विलगीकरणात जा म्हणून सांगणं सोपं, पण संध्याकाळच्या धारा कोण काढणार? गाय विलगीकरण संपेपर्यंत थांबत नाही. आजारी माणूस शाळेतल्या विलगीकरण कक्षातून रात्री हळूच गोठ्यात येऊन जातो, त्याला बेजबाबदार म्हणण्याआधी त्याच्या शेजाऱ्याला विचारावं, तू धार काढायला गेला होतास का.

म्हणून कुटुंबाच्या तयारीत मी पहिलं नाव घालीन ते जोडीदार घराचं. दोन घरांनी आधीच ठरवून ठेवायचं: तुमच्याकडे सगळे पडले तर आमचा पोरगा धारा काढेल, दूध घालेल, दारापर्यंत भाकरी-कालवण पोचवेल, आमच्याकडे पडले तर तुम्ही. पेरणीला सावड करणाऱ्या मुलखाला हे नवीन नाही.

धान्याचं म्हणाल तर २००६ च्या सुमारास बर्ड फ्लूची धास्ती होती तेव्हा अमेरिकी सरकारने घराघरांसाठी याद्या काढल्या, त्यांत दोन आठवड्यांचं अन्न-पाणी साठवा असं होतं. तशाच याद्या भाषांतर करून आपल्याकडे फिरतात. बागायतदाराच्या घरी वर्षाची बाजरी-गहू असतोच, त्याला यादी नको. रोज संध्याकाळी हजेरी मिळाल्यावर पावशेर तेल आणणाऱ्याला ती यादी म्हणजे चेष्टा. त्याच्यासाठी साठा घरात नसतो, उधारीच्या वहीत असतो. किराणा दुकानदार, बचत गट आणि रेशनचं दुकान यांनी साथीच्या पंधरवड्यात काय द्यायचं हे आधी ठरलं तर तीच त्याची कणगी.

बाकी घरात लागतं ते थोडकं. चालणारं थर्मामीटर. २०२१ मध्ये घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेल, त्यातले सेल बहुतेक गंजले असतील, ते बदलावेत. पॅरासिटामॉल, मीठ-साखर-पाण्याची किंवा ओआरएसची सोय. लहान मुलांना आणि किशोरांना तापात ॲस्पिरिन देऊ नये. बीपी-शुगरच्या गोळ्या महिनाभराच्या. आजाऱ्याला खिडकी असलेली जागा, नसेल तर पडवी किंवा ओसरी. शुश्रूषेला एकच माणूस, तोंडाला मास्क, आणि तो शक्यतो गरोदर बाई किंवा म्हातारी आजी नसावी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं: आजाऱ्याच्या उशाशी आईच बसते, मग तिला दमा असो. आणि एक खूण सगळ्यांनी पाठ करावी. ताप उतरला, बरं वाटलं आणि दोन दिवसांनी पुन्हा ताप, खोकला, धाप सुरू झाली, तर ते फुप्फुसात उतरलेलं दुखणं असू शकतं. तेव्हा घरगुती काढ्यावर वेळ घालवू नये.

लसीबद्दल आपण फारच उदासीन आहोत. फ्लूची लस दर वर्षी बदलते, दर वर्षी घ्यावी लागते, आणि ती पूर्ण कवच देत नाही हे खरं. तरी गरोदर बाई, मधुमेही, उच्च रक्तदाबाचे रुग्ण, आरोग्य कर्मचारी यांना सरकारी दवाखान्यांतून ती मोफत देण्याचं धोरण महाराष्ट्राने स्वीकारलं, ते देशात फार थोड्या राज्यांनी केलं आहे. नवी महासाथ आली तर जुनी लस तिच्यावर चालेलच असं नाही. पण लस द्यायची सवय असलेल्या केंद्रातूनच नवी लस लवकर पोचते. २००९ च्या विषाणूवर नाकात फवारायची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० च्या जुलैत बाजारात आणली. साथ पुण्यात शिरल्याला तोवर सुमारे वर्ष झालं होतं. या वर्षाच्या अंतराला उपाय नाही. पहिले कित्येक महिने आपल्याकडे असणार ते घर, हवा, पाणी, मास्क आणि कामावर न जाण्याची मुभा.

पोल्ट्रीवाल्यांसाठी एक वेगळी ओळ. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबारच्या नवापुरात निघाला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. नगर जिल्ह्यात शेताच्या बांधाला लागून शेड आहेत आणि त्यांत राखणीला राहणारी, बहुतेक परजिल्ह्यांतली, परप्रांतांतली कुटुंबं आहेत. पक्षी मरू लागले आणि राखणदाराला ताप आला, तर त्याने डॉक्टरांना आधी सांगायचं ते आपण पोल्ट्रीत काम करतो हे. डॉक्टर विचारतीलच असं नाही.

हे सगळं घराघरांत सांगणार कोण? जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये कामाला सुरुवात केली आणि गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. ताप आलेल्या लेकराला पाणी पाजत राहायचं, कधी थांबायचं आणि कधी दवाखान्यात न्यायचं, हे ओळखणारी बाई दारात असणं ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ तयारी, हे जगाने जामखेडला येऊन पाहिलं. पुढे आलेल्या ‘आशा’ त्याच वाटेवरच्या. कोविडमध्ये सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत त्यांनी दारं ठोठावली, ताप मोजले, शिव्या खाल्ल्या. त्यांचा कोविड भत्ता महिन्याला हजार रुपये होता. जून २०२१ मध्ये राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा ऐन साथीत संप म्हणून त्यांच्यावर टीका झाली. त्याही कर्मचारीच आहेत, हे टीका करणारे विसरले. आजारी पडल्यावर त्यांनाही घरी बसावं लागतं, आणि कामावर मोबदला मिळणाऱ्या आशाचा तोही खाडाच.

खाटांचंही नगरने कमी केलं नाही. बूथ हॉस्पिटलने २०२० च्या सुरुवातीच्या भीतीच्या दिवसांत रुग्ण घेतले. भाळवणीला तेव्हाचे आमदार नीलेश लंके यांनी अकराशे खाटांचं केंद्र चालवलं. आणि ६ नोव्हेंबर २०२१ ला, भाऊबीजेच्या दिवशी, जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता कक्षाला आग लागून कोविडच्या किमान ११ रुग्णांचा जीव गेला. घाईत उभारलेल्या व्यवस्थेत वायरिंग, आग विझवण्याची सोय, बाहेर पडायची वाट या गोष्टी साथ नसताना तपासायच्या असतात. साथ आल्यावर तपासायला माणूस नसतो.

आता पैशांचं. ऊसतोड मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याणकारी महामंडळ आहे. गाळलेल्या उसावर टनाला दहा रुपये कारखान्यांनी द्यायचे आणि तेवढेच सरकारने, अशी त्याची तजवीज आहे. राज्यात हंगामाला साधारण दहा कोटी टन ऊस गाळला जातो. म्हणजे कारखान्यांचे शंभर कोटी आणि सरकारचे शंभर. त्यातून मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत, ती हवीतच. पण हिशेब करून पाहू. मजूर दहा लाख धरले आणि महासाथीच्या हंगामात तिघांमागे एक आजारी पडला असं धरलं, तर सव्वातीन लाखांच्या थोडे वर. प्रत्येकाला तापाच्या पहिल्या दोन दिवसांचे, दिवसाला पाचशे रुपये धरून, हजार. तेहतीस कोटी. शिवाय मुकादमाने त्या दोन दिवसांचा दंड लावायचा नाही, एवढी एक ओळ करारात. दर तीन वर्षांनी साखर संघ आणि मजूर संघटना तोडणीचा दर आणि मुकादमाचं कमिशन ठरवायला बसतात, तेव्हा ही ओळ घालता येते. राज्याची वाट न पाहता नगरचा एखादा कारखाना आपल्या तळापुरती ती या हंगामातही घालू शकतो. दोन दिवसांच्या तापाचा दाखला द्यायला कारखान्याचा दवाखाना तिथे आहेच.